ॲप स्टोअरचा नकार

पुण्याच्या एखाद्या छापखान्यानें पुस्तक छापण्याचें नाकारिलें, तर लेखक आपलें हस्तलिखित घेऊन मुंबईस जातो. मुंबईस न जमलें तर कोल्हापूर आहे, नागपूर आहे. तो नकार कडू असला तरी एका दुकानदाराचा असतो, साऱ्या बाजाराचा नसतो. परंतु गांवाला एकच वेस असली आणि त्या वेशीवर एकच पहारेकरी उभा असला, म्हणजे त्याच्या ‘नाहीं’ या शब्दाला निराळेंच वजन येतें. मोबाइल फोनवर चालणाऱ्या ज्या आज्ञावल्यांना आतां घरोघर ‘ॲप’ म्हणतात, त्या रचणाऱ्यांवर २००८ सालापासून नेमका हा प्रसंग आला. त्यांच्या कृतीला नकार कां मिळे, तो त्यांनीं कसा सोसला किंवा कसा फिरविला, आणि पहारेकऱ्यालाही कारण सांगण्यास कसें भाग पडलें, हा अलीकडच्या औद्योगिक इतिहासांतील एक बोधप्रद भाग आहे.

ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनीं ९ जानेवारी २००७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें आयफोन प्रथम लोकांपुढें आणिला, आणि २९ जूनपासून तो अमेरिकेंत विकला जाऊं लागला. त्या वेळीं बाहेरच्या कोणासही त्यावर स्वतःची आज्ञावली घालण्याची मुभा नव्हती. ज्यांना कांहीं करावयाचें असेल त्यांनीं इंटरनेटवरील पानें रचावीं, एवढाच मार्ग कंपनीनें खुला ठेविला होता. कर्त्यांची नाराजी वाढली. कांहींनीं फोनचें कुलूप फोडून आंत शिरण्याच्या युक्त्याही काढिल्या. अखेर ऑक्टोबर २००७ मध्यें जॉब्ज यांनीं धोरण बदलत असल्याचें जाहीर केलें, आणि ६ मार्च २००८ रोजीं नव्या व्यवस्थेच्या अटी प्रसिद्ध झाल्या. वर्षाला ९९ डॉलर भरून कोणीही ॲप रचावें; विक्रीच्या दर १०० डॉलरांतील ७० कर्त्याचे व ३० कंपनीचे; मात्र कंपनीच्या परीक्षणांतून उतरल्यावांचून कोणतेंही ॲप दुकानांत मांडलें जाणार नाहीं.

कोणतीं ॲप्स घेतलीं जाणार नाहींत, हें त्या दिवशीं पडद्यावर सहा सदरांत दाखविण्यांत आलें. बेकायदेशीर, दुष्ट हेतूचीं, अश्लील, खाजगीपणाचा भंग करणारीं, फोनच्या जाळ्यावर अवाजवी भार टाकणारीं, अशीं पांच सदरें झाल्यावर शेवटचें सदर होतें ‘अकल्पित’. पहिल्या पांचांविषयीं फारसा वाद होण्याचें कारण नव्हतें. फोनमध्यें माणसाचे पत्ते, छायाचित्रें, पत्रव्यवहार आणि पुढें पुढें पैसाही असावयाचा. तेव्हां त्याच्या दाराशीं पहारा हवा, हें उघड होतें. परंतु जें अद्याप कोणाच्या कल्पनेंतही आलेलें नाहीं, तें आधींच निषिद्ध ठरविणारें सहावें सदर हा नियम नव्हता. नियम मागाहून करण्याची ती राखून ठेविलेली मुभा होती. पुढील अनेक तंटे या एका शब्दाच्या पोटांतून निघाले.

१० जुलै २००८ रोजीं दुकान उघडलें, तेव्हां त्यांत सुमारे ५०० ॲप्स होतीं. पहिल्या आठवड्याअखेर एक कोटी प्रती लोकांनीं आपल्या फोनवर उतरवून घेतल्या. एकट्यानें घरीं बसून रचिलेली वस्तु एका दिवसांत साऱ्या जगापुढें मांडतां येते, असा हा अपूर्व योग होता. पण दोन महिने होतात न होतात तोंच ‘पॉडकास्टर’ नांवाच्या ॲपला नकार मिळाला. इंटरनेटवरील ध्वनिमुद्रित कार्यक्रम संगणकाच्या मदतीवांचून थेट फोनवर आणण्याची सोय त्यांत होती. कंपनीच्या स्वतःच्या ‘आयट्यून्स’ या आज्ञावलीच्या कार्याची ही पुनरावृत्ति आहे, असें कारण देण्यांत आलें. असा नियम कर्त्यांना आधीं कोणी सांगितलेला नव्हता. आणि कंपनीच्या फोनमध्यें ती सोय त्या वेळीं नव्हतीही. २१ नोव्हेंबर २००८ रोजीं कंपनीनें फोनच्या नव्या आवृत्तींत ती स्वतः घातली.

याच सुमारास नकाराच्या पत्रांवर एक नवी सूचना दिसूं लागली. पत्रांतील मजकूर गुप्ततेच्या कराराखालीं येतो, तो बाहेर सांगूं नये, असा तिचा आशय होता. पुढच्यास ठेंच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, अशी आपल्याकडे म्हण आहे; येथें पुढच्याला ठेंच लागल्याचें बोलण्याचीच मनाई झाली. ज्याचे सहा महिन्यांचे श्रम फुकट गेले, त्याच्या अनुभवाचा दुसऱ्याला उपयोग होईना, आणि तीच चूक दहा जण दहा ठिकाणीं करूं लागले. ऑक्टोबरच्या आरंभीं कंपनीनें प्रसिद्ध झालेल्या आज्ञावल्यांपुरतें गुप्ततेचें बंधन उठविलें खरें. तथापि दुकानाचे नियम मात्र लिखित स्वरूपांत कोठेंच मिळत नव्हते.

मे २००९ मधील ‘युकॅलिप्टस’ या ॲपची हकीकत मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. ज्या जुन्या ग्रंथांवर आतां कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाहीं, असे हजारों ग्रंथ ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संस्थेनें इंटरनेटवर फुकट वाचावयास ठेविले आहेत. ते फोनवर सुबक रीतीनें वाचतां यावे, एवढाच युकॅलिप्टसचा उद्देश होता. परीक्षकानें त्यांत वात्स्यायनाच्या कामसूत्राचें इंग्रजी भाषांतर शोधून काढिलें आणि अश्लीलतेचा शेरा मारून ॲप परत पाठविलें. वस्तुतः ग्रंथ ॲपमध्यें नव्हता; वाचकानें मुद्दाम शोधल्यास तो बाहेरून आणिला जाई. फोनबरोबर मिळणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या न्याहाळकांतूनही तो तितक्याच सहजतेनें वाचतां येत होता.

या भाषांतराची जन्मकथा मुंबईशीं निगडित आहे. १८८३ सालीं रिचर्ड बर्टन यांच्या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या त्या ग्रंथामागें मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी फॉस्टर फिट्झजेरल्ड आर्बथनॉट यांची खटपट होती. आणि मूळ संस्कृत पोथ्या जुळवून अर्थ लावण्याचें काम पंडित भगवानलाल इंद्रजी व शिवराम परशुराम भिडे यांनीं केलें होतें. इंग्लंडांतील अश्लीलताविरोधी कायद्याचा हात पोहोंचूं नये, म्हणून ग्रंथ ‘कामशास्त्र मंडळ’ अशा नांवानें, केवळ खाजगी वितरणासाठीं म्हणून छापण्यांत आला. लंडनच्या दंडाधिकाऱ्याला ज्यानें सव्वाशें वर्षांपूर्वीं चुकविलें, तो ग्रंथ कॅलिफोर्नियांतील एका परीक्षकाच्या हातीं सांपडला, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

युकॅलिप्टसच्या कर्त्यानें या नकाराला दिलेलें तोंड अभ्यसनीय आहे. त्यानें आरंभीं शांतपणें वस्तुस्थिति समजावून दिली. तेवढ्यानें भागेना, तेव्हां त्या एका ग्रंथापुरता अडसरही आपल्या ॲपमध्यें घातला. आणि अखेरीस झालेला सारा पत्रव्यवहार तारीखवार प्रसिद्ध केला. त्यांत शिवीगाळ नव्हती. काय पाठविलें, काय उत्तर आलें, एवढेंच होतें. थोड्याच दिवसांत कंपनीकडून त्याला दूरध्वनि आला, आणि अडसर काढून टाकून ॲप पुनः पाठवावें असें सांगण्यांत आलें. तें तत्काळ मंजूर झालें.

त्याच उन्हाळ्यांत प्रश्न सरकारदरबारीं गेला. गूगल कंपनीनें ‘गूगल व्हॉइस’ नांवाचें दूरध्वनीच्या सोयीचें ॲप पाठविलें होतें. तें दुकानांत येईना, आणि त्याच सेवेवर आधारलेलीं इतरांचीं ॲप्सही काढून टाकण्यांत आलीं. ३१ जुलै २००९ रोजीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें ॲपल, गूगल आणि दूरध्वनि कंपनी ए. टी. अँड टी. या तिघांनाही पत्रें लिहून खुलासा मागितला. आपण नकार दिलेलाच नाहीं, विचार चालू आहे, असें ॲपलनें कळविलें. उलट, ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें नकार तोंडीं कळविल्याचें गूगलच्या उत्तरांत होतें. हें ॲप अखेर नोव्हेंबर २०१० मध्यें दुकानांत आलें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्या वादाहूनही मोलाची गोष्ट ही, कीं ॲपलच्या २१ ऑगस्टच्या उत्तरामुळें पडद्यामागील कारभार प्रथमच जगाला दिसला.

त्या उत्तराप्रमाणें आठवड्याला सुमारे ८,५०० नवीं ॲप्स व जुन्यांच्या सुधारित आवृत्त्या येत. पूर्ण वेळ काम करणारे परीक्षक ४० हून अधिक होते. प्रत्येक ॲप दोन निरनिराळ्या परीक्षकांच्या नजरेखालून जाई. ९५ टक्के ॲप्सना १४ दिवसांच्या आंत मंजुरी मिळे. आणि सुमारे २० टक्के ॲप्स पहिल्या खेपेस जशींच्या तशीं मंजूर होत नसत. हे आंकडे मांडून साधा हिशेब केला, तर एका परीक्षकाच्या वांट्यास आठवड्याला सुमारे सव्वाचारशें परीक्षणें येतात. पांच दिवसांचा आठवडा आणि आठ तासांचा दिवस धरला, तर एका ॲपला जेमतेम पांच-सहा मिनिटें मिळतात. कर्त्याचें वर्ष आणि परीक्षकाचीं सहा मिनिटें यांची ही गांठ होती. कित्येक चमत्कारिक नकारांमागें दुष्टपणा नव्हता, घाई होती, हें या हिशेबावरून उमगतें.

परंतु घाईचें फळ अन्याय हेंच असतें, याचें उदाहरण लवकरच घडलें. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यंगचित्रकार मार्क फिओर यांनीं आपलीं चलच्चित्रें दाखविणारें ‘न्यूजटून्स’ हें ॲप पाठविलें होतें. डिसेंबर २००९ मध्यें त्यांना नकार मिळाला. कारण, त्यांत सार्वजनिक व्यक्तींची थट्टा होती. व्यंगचित्रकारानें पुढाऱ्यांची थट्टा करूं नये, तर काय करावें? फिओर यांनीं त्या वेळीं कांहीं गवगवा केला नाहीं. १२ एप्रिल २०१० रोजीं त्यांना संपादकीय व्यंगचित्रांचें पुलित्झर पारितोषिक जाहीर झालें. केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या चित्रांसाठीं हा मान मिळविणारे ते पहिलेच. नकाराची हकीकत मग वृत्तपत्रांतून झळकली, कंपनीनें ॲप पुनः पाठविण्यास सांगितलें, जॉब्ज यांनीं ती चूक असल्याचें कबूल केलें, आणि एप्रिल संपण्यापूर्वींच तें दुकानांत आलें. फिओर यांना न्याय मिळाला. पण ज्यांच्या व्यंगचित्रांना पुलित्झर मिळालें नव्हतें, त्यांचें काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर ९ सप्टेंबर २०१० रोजीं मिळालें. दुकान उघडल्यापासून दोन वर्षें आणि दोन महिने उलटल्यावर कंपनीनें परीक्षणाची नियमावली प्रथमच कर्त्यांच्या हातीं दिली, आणि नकाराविरुद्ध दाद मागण्यासाठीं एक मंडळ नेमिलें. व्यवसायानें राजकीय उपहास करणाऱ्यांना थट्टेच्या निर्बंधांतून तींत स्पष्ट सूट होती. नियमावलीची भाषा सरकारी थाटाची नव्हती. दुकानांत अडीच लाखांवर ॲप्स आहेत, अपानवायूचा आवाज काढणारीं आणखी नकोत, असेंही त्यांत रोखठोक म्हटलें होतें. मर्यादा कोठें ओलांडली जाते हें पाहतांक्षणीं आम्हांला कळेल, अशी पुस्तीही तींत जोडलेली होती. म्हणजे ‘अकल्पित’ हें सदर सर्वस्वीं गेलें नव्हतें. पण त्याच्याभोंवतीं आतां लिखित कलमांचें कुंपण पडलें होतें. वृत्तपत्रांकडे धांव घेऊन आमची निंदा केल्यानें कांहीं साधत नाहीं, असा इशाराही त्यांत होता. युकॅलिप्टस आणि फिओर यांचा वृत्तांत ताजा असतां हें विधान कितपत खरें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

प्रतिस्पर्ध्याची वाट याहून वेगळी होती. गूगलच्या अँड्रॉइड फोनांसाठीं २००८ च्या ऑक्टोबरमध्यें उघडलेल्या बाजारांत आगाऊ परीक्षणाचा असा कडक पहारा नव्हता. ॲप चढवावें आणि तें विक्रीस लागावें, असा तेथील रिवाज होता. मोकळीक अधिक, तसा लबाडांचा सुळसुळाटही अधिक, असा अनुभव आला. मार्च २०१५ मध्यें गूगलनेंही प्रसिद्धीपूर्वीं माणसांकडून तपासणी होत असल्याचें जाहीर केलें. उलट ॲपलचा कारभार वेगवान झाला; एके काळीं आठवडा घेणारें परीक्षण २०१६ मध्यें सरासरी दोन दिवसांवर आलें. म्हणजे पहारा असावा कीं नसावा, हा वाद मागें पडला होता. पहारेकरी कोणत्या अधिकारानें अडवितो, एवढाच प्रश्न उरला.

तो प्रश्न जून २०२० मध्यें पुनः उसळला. बेसकॅम्प या कंपनीनें ‘हे’ नांवाची टपालसेवा काढिली. तिची वर्षाची ९९ डॉलर वर्गणी गिऱ्हाइकें कंपनीच्या संकेतस्थळावर भरीत. फोनवरील ॲप केवळ वर्गणीदारांसाठीं होतें. पहिली आवृत्ति ॲपलनें मंजूर केली. परंतु लहानसहान दोष दूर करणारी दुसरी आवृत्ति मात्र अडविली. वर्गणी ॲपमधूनच भरण्याची सोय हवी, म्हणजे पर्यायानें ॲपलचा हिस्सा मिळावयास हवा, असें तिचें म्हणणें होतें. बेसकॅम्पच्या चालकांनीं तें उघडपणें नाकारिलें. त्याच आठवड्यांत, १६ जून रोजीं, युरोपीय आयोगानेंही ॲप स्टोअरच्या नियमांची औपचारिक चौकशी सुरू केली. शेवटीं तडजोड निघाली. नव्या माणसाला १४ दिवसांपुरता एक तात्पुरता पत्ता फुकट मिळेल, अशी सोय बेसकॅम्पनें ॲपमध्यें घातली. त्यामुळें तें वर्गणीदार नसलेल्यालाही उपयोगी ठरलें, आणि मंजूर झालें. २२ जून रोजीं ॲपलनें दोन सुधारणा जाहीर केल्या. कायद्याचा प्रश्न नसेल, तर दोषदुरुस्तीची आवृत्ति नियमभंगाच्या कारणावरून अडविली जाणार नाहीं. आणि कर्त्याला यापुढें निकालाविरुद्धच नव्हे, तर खुद्द नियमाविरुद्धही तक्रार मांडतां येईल.

येथवर वर्णिलेले तंटे गाजलेले आहेत, आणि गाजलेल्या गोष्टींवरून रोजचा व्यवहार जोखूं नये. २०२२ सालच्या ॲपलच्या अहवालाप्रमाणें त्या वर्षीं सुमारे ६१ लाख परीक्षणें झालीं व त्यांपैकीं सुमारे १६ लाख ८० हजारांना नकार मिळाला. चारांत एकाहून अधिक. यांतील बहुसंख्य नकारांमागें ना राजकारण आहे, ना तत्त्वाचा झगडा. न सुटलेल्या अडचणींपैकीं ४० टक्क्यांहून अधिक अपूर्णतेच्या असतात, असें कंपनी स्वतःच सांगते. ॲप मध्येंच बंद पडतें. एखादा दुवा कोठेंच नेत नाहीं. मजकुराच्या जागीं नमुन्याचीं अक्षरें राहून जातात. आंत शिरण्यास खातें लागतें, आणि परीक्षकाला तें दिलेलेंच नसतें. ज्याच्याजवळ मोजकीं मिनिटें आहेत, तो बंद दाराशीं ताटकळत उभा राहात नाहीं. नकाराचा शिक्का मारून पुढें जातो.

या प्रकारचा नकार टाळणें सर्वस्वीं कर्त्याच्या हातीं असतें. ॲप खऱ्या फोनवर, नव्या आणि जुन्या, चालवून पाहावें. परीक्षकासाठीं चालतें खातें, परवलीचा शब्द आणि चार ओळींची टीप जोडावी. दुकानांतील चित्रें आंतल्या वस्तूशीं जुळतीं असावीं. छायाचित्रें किंवा ठिकाण यांची परवानगी मागावयाची, तर ती कशासाठीं हें सरळ शब्दांत सांगावें. ज्या ॲपमध्यें खातें उघडतां येतें, त्यांत तें कायमचें मिटविण्याचीही सोय हवी, असा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. जुने कर्ते हमखास अडतात, ते अशा नव्या कलमांवर. इतकें करूनही नकार आलाच, तर त्यांत दाखविलेलें कलम प्रथम शब्दशः वाचावें. दोष खरा असेल तर तो दूर करून, काय बदललें हें लिहून पाठवावें. कलम लागू नाहीं असें वाटत असेल तर तें त्याच कलमाच्या भाषेंत, न चिडतां, मुद्देसूद मांडावें. आणि तरीही न पटलें तर मंडळाकडे दाद मागावी. सारा पत्रव्यवहार तारीखवार जपावा. युकॅलिप्टसच्या कर्त्याजवळ तोच एक पुरावा होता.

मार्च २०२४ पासून युरोपीय संघांत कायद्यानें आयफोनवर इतर दुकानांनाही वाट मिळाली आहे. तथापि तेथेंही ॲपलची प्राथमिक सुरक्षातपासणी राहिलीच आहे. वेशी वाढतील, पहारेकरी बदलतील. परंतु जेथें कोटी लोक आपला पैसा व पत्रव्यवहार खिशांतल्या यंत्रावर सोंपवितात, तेथें पहारा नाहींसा होण्याचा संभव नाहीं. म्हणूनच या इतिहासांतील खरी कमाई कोणती, हें नीट ओळखलें पाहिजे. २००८ च्या सप्टेंबरांत नकाराचें पत्र दुसऱ्याला दाखविण्याचीही चोरी होती. बारा वर्षांनीं तोच कर्ता कलमाचा क्रमांक विचारूं शकतो, अपील करूं शकतो, आणि नियमच चुकीचा आहे असें लेखी म्हणूं शकतो. यांतील कोणतीही सुधारणा आपणहून आलेली नाहीं. बहुतेकींच्या मागें कोणा ना कोणाचें अडलेलें ॲप आणि त्यानें चिकाटीनें विचारलेलें ‘कां’ उभें आहे. ज्याला पारितोषिक मिळालेलें नाहीं आणि ज्याच्यासाठीं वृत्तपत्रें लिहीत नाहींत, त्या एकट्या कर्त्याला मोठ्या कंपनीपुढें उभें राहावयास दोनच आधार असतात. एक निर्दोष काम, आणि दुसरा लिखित नियम. पहिला त्यानें स्वतः निर्माण करावयाचा असतो. दुसरा त्याच्या आधीं अडलेल्यांनीं त्याच्यासाठीं मिळवून ठेविला आहे.